गॅरेजमधून निघालेला रस्ता : सर अ‍ॅलेक इसिगोनिस यांचे जीवन

इंग्लंडमधील उपनगरांत हिवाळ्याच्या शनिवारी संध्याकाळी एखाद्या घराच्या गॅरेजमध्ये दिवा जळताना दिसतो. आत चार स्टँडवर उभी केलेली जुनी मिनी कूपर असते. तिचे बोनेट उघडे असते आणि खालचा पत्रा गंजाने खाल्लेला असतो. वसंत ऋतू येईपर्यंत गाडी तयार करायची आणि एखाद्या ट्रॅक डेला ब्रँड्स हॅच किंवा कॅसल कूम येथे न्यायची, असा मालकाचा बेत असतो. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेले शुल्क भरून, हेल्मेट घालून, स्वतःच्याच गाडीने शर्यतीच्या ट्रॅकवर मनसोक्त फेऱ्या मारण्याचा तो दिवस. आठवडाभर कार्यालयात बसणाऱ्या अनेकांना या एका दिवसासाठी सहा महिने हात काळे करण्यात आनंद वाटतो.

असा हौशी माणूस जुन्या मिनीचे इंजिन उतरवू लागला की त्याला काही विलक्षण गोष्टी आढळतात. इंजिन आडवे बसवलेले असते. गिअरबॉक्स इंजिनच्या मागे नसून त्याच्या पोटाखाली, तेलाच्या टाकीतच असतो, म्हणून दोन्ही एकत्रच वर उचलावी लागतात. चाकांच्या वर पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू असतात आणि ते काढण्यासाठी वेगळे हत्यार मिळवावे लागते. चाके जेमतेम दहा इंचांची असतात. यातील प्रत्येक निर्णयामागे प्रामुख्याने एका माणसाची बुद्धी होती आणि त्या माणसाने आपली पहिली खरी गाडी अशाच प्रकारे, नोकरीनंतरच्या वेळात, स्वतःच्या हातांनी बांधली होती.

स्मर्ना ते लंडन

अलेक्झांडर इसिगोनिस यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी ऑटोमन साम्राज्यातील स्मर्ना या बंदरात झाला. हे शहर आज तुर्कस्तानातील इझमीर म्हणून ओळखले जाते. वडील कॉन्स्टंटाइन ग्रीक वंशाचे होते आणि जहाजांच्या यंत्रांचा कारखाना चालवत. आई हुल्डा जर्मन कुटुंबातील होती. आजोबांनी रेल्वेच्या कामाच्या निमित्ताने ब्रिटिश नागरिकत्व मिळवले होते. ग्रीक रक्त, जर्मन आई, तुर्की भूमी आणि ब्रिटिश पारपत्र असे त्या घराचे स्वरूप होते. शांततेच्या काळात या मिश्रणाचे कोणाला काही वाटत नव्हते.

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये ग्रीक-तुर्की युद्धाचा शेवट स्मर्नाच्या दारात आला आणि शहर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्याआधी ब्रिटिश नागरिकांना जहाजांवरून माल्टा बेटावर हलवण्यात आले. आजोबांनी मिळवलेल्या कागदामुळे इसिगोनिस कुटुंबाचे प्राण वाचले. घर, कारखाना आणि पिढीजात मालमत्ता मागे राहिली. आजारी असलेले वडील माल्टातच वारले. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याची विधवा आई १९२३ मध्ये इंग्लंडला पोहोचली. तेथे त्यांना ओळखणारे फारसे कोणी नव्हते. या मायलेकांचे नाते पुढे आयुष्यभर अतूट राहिले. इसिगोनिस यांनी लग्न केले नाही आणि १९७२ मध्ये आईचे निधन होईपर्यंत दोघे एकत्रच राहिले.

मुलाने कलाशिक्षण घ्यावे, असा एक विचार होता. त्याला मात्र यंत्रांचे वेड होते. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये त्याने यांत्रिक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम घेतला. चित्रकलेत आणि रेखाटनात तो उत्तम होता; गणितात मात्र तीन वेळा नापास झाला. कोरे गणित कल्पकतेचे शत्रू असते, असे मत त्यांनी पुढे जन्मभर बाळगले. त्यांच्या हाताला मात्र यंत्राचा आकार अचूक दिसत असे. कागदावर मोकळ्या हाताने काढलेले त्यांचे आराखडे इतके नेमके असत की कारागीर त्यावरून थेट काम सुरू करू शकत. आईने त्यांना एक सिंगर गाडी घेऊन दिली होती. त्या गाडीतून दोघांनी युरोपचा प्रवास केला आणि वाटेत वारंवार होणाऱ्या बिघाडांनी या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या वर्गाइतकेच शिकवले असावे.

पाच वर्षांची गाडी

१९२८ नंतर काही वर्षे लंडनमध्ये क्लचसंबंधी काम करून इसिगोनिस कव्हेंट्रीच्या हंबर कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांनी पुढच्या चाकांच्या स्वतंत्र सस्पेन्शनचा अभ्यास केला. म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला धक्का बसू नये, अशी रचना. १९३६ मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील मॉरिस मोटर्समध्ये गेले. दिवसा ही नोकरी होती. संध्याकाळ आणि सुटीचे दिवस मात्र वेगळ्याच कामात जात.

त्या काळी इंग्लंडमधील हौशी शर्यतपटूंची लाडकी गाडी म्हणजे ऑस्टिन सेव्हन. ती स्वस्त, हलकी आणि सहज खोलता-जोडता येणारी होती. तिची ‘अल्स्टर’ ही वेगवान आवृत्ती इसिगोनिस यांच्याकडे होती. डोंगराच्या चढावर घड्याळ लावून होणाऱ्या स्पर्धांत ते ती चालवत आणि घरी आणून तिच्यात सुधारणा करत. सुधारणा करता करता त्यांच्या लक्षात आले की मूळ गाडीचा सांगाडाच बदलायला हवा. जॉर्ज डाउसन या मित्राला सोबत घेऊन त्यांनी १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात नवी गाडी बांधायला घेतली. ती दशकाच्या अखेरीस पूर्ण झाली. तिचे नाव ‘लाइटवेट स्पेशल’.

पाच वर्षे लागण्याचे कारण साधे होते. पैसा बेताचा होता आणि बहुतेक काम हातहत्यारांनीच चालले होते. वेगळा लोखंडी सांगाडा न वापरता त्यांनी प्लायवूडवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवून गाडीच्या बाजू बनवल्या आणि त्या बाजूंनाच भार पेलायला लावला. सस्पेन्शनसाठी रबर वापरले. इंजिन ऑस्टिन सेव्हनचेच, पण गाडी इतकी हलकी की तेवढ्या छोट्या इंजिनालाही तिला जोरात खेचता यावे. अनावश्यक असा एक बोल्टही राहू नये, हा त्यामागचा हट्ट होता.

या गाडीने मोठी पारितोषिके मिळवली म्हणून ती महत्त्वाची नाही. पुढे जगभर गाजलेल्या गाडीतील महत्त्वाच्या कल्पना या घरगुती प्रयोगात आधी हाताने घडल्या होत्या, हे तिचे मोल आहे. कमी वजन, आवरणानेच पेललेला भार, रबराचे सस्पेन्शन आणि वळणावर रस्त्याला घट्ट चिकटून राहण्याचा गुण या चारही गोष्टी इसिगोनिस यांनी मालकाच्या पैशाने नव्हे, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या चुकांतून शिकून घेतल्या.

चार इंचांचा निर्णय

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच मॉरिस कंपनीत एका लहान गाडीची तयारी सुरू झाली होती. ती १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ‘मॉरिस मायनर’ या नावाने आली. उत्पादनाच्या उंबरठ्यावर असताना इसिगोनिस यांना तिचे प्रमाण खटकले. त्यांनी नमुना गाडी मधोमध उभी कापायला लावली आणि दोन्ही भाग डोळ्यांना पटेपर्यंत एकमेकांपासून दूर सरकवले. चार इंचांवर त्यांचे समाधान झाले. तोपर्यंत बंपर तयार झाले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरला मध्ये जोडपट्टी लावावी लागली. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना ही गाडी अजिबात आवडली नव्हती. तरीही दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, स्थापन झाली. अशा मोठ्या संसारात आपले चालणार नाही, असे वाटून इसिगोनिस अल्विस कंपनीत गेले. तेथे त्यांनी आखलेली गाडी खर्चाच्या भीतीने रद्द झाली. पण त्याच काळात रबराच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या अ‍ॅलेक्स मोल्टन यांच्याशी त्यांची गाठ पडली. १९५५ च्या अखेरीस बीएमसीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी त्यांना परत बोलावले.

दहा फुटांत चार माणसे

१९५६ च्या सुएझ संकटाने ब्रिटनमध्ये पेट्रोलवर नियंत्रण आले. रस्त्यांवर जर्मन बनावटीच्या तीनचाकी, फुग्यासारख्या छोट्या गाड्या दिसू लागल्या. लॉर्ड यांना त्यांचा मनस्वी तिटकारा होता. १९५७ च्या मार्चमध्ये त्यांनी इसिगोनिस यांना इतर सर्व कामे बाजूला ठेवून खरीखुरी छोटी गाडी बनवायला सांगितले. अट एकच होती : इंजिन कंपनीकडे तयार असलेलेच वापरायचे.

इसिगोनिस यांनी जॅक डॅनियल्स यांच्यासारखे मोजके विश्वासू सहकारी घेतले आणि उलट्या बाजूने विचार सुरू केला. आधी चार प्रौढ माणसे आणि थोडे सामान मावेल एवढी जागा ठरवली, मग उरलेल्या जागेत यंत्र बसवले. गाडीची लांबी सुमारे दहा फूट. त्यातील बहुतांश माणसांसाठी राखायची, तर इंजिन लांबीला बसवणे अशक्य होते. ते आडवे केले. मग गिअरबॉक्सला जागा उरेना, म्हणून तो इंजिनच्या खाली सरकवला आणि दोघांना एकच तेल दिले. शक्ती पुढच्याच चाकांना दिल्याने मागे जाणारा दांडा वाचला. मोल्टन यांच्या रबरी शंकूंमुळे सस्पेन्शनची जागा वाचली. डनलॉप कंपनीने दहा इंचांच्या चाकांसाठी टायर बनवून दिले.

१९५८ च्या उन्हाळ्यात लॉर्ड यांनी नमुना गाडी कारखान्याच्या आवारात काही मिनिटे चालवली आणि वर्षभरात ती बाजारात आणण्याचा आदेश दिला. आरंभीच्या इंजिनमुळे गाडी ताशी नव्वद मैलांपर्यंत जात होती. सर्वसामान्य ग्राहकासाठी हा वेग फार, असे ठरून इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे करण्यात आले. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी जगासमोर आली. करासह मूळ किंमत पाचशे पौंडांच्या आत होती.

घाईचे परिणामही दिसले. पहिल्या गाड्यांत पावसाचे पाणी तळातून आत शिरे आणि पायाखालचे गालिचे भिजत. जाळीमागेच असलेल्या विजेच्या भागांवर पाणी उडाले की इंजिन बंद पडे. सुरुवातीला खपही मंद होता. ज्या कष्टकरी कुटुंबांसाठी गाडी बनवली होती, ती तिच्याकडे संशयाने पाहत होती. लंडनच्या कलावंतांनी आणि श्रीमंतांनी तिला आपलेसे केले, तेव्हा तिचे नशीब पालटले.

मित्राने ओळखलेला वेग

या कथेतील सर्वांत विचित्र वळण येथे येते. ज्या माणसाने तारुण्याची पाच वर्षे शर्यतीची गाडी बांधण्यात घालवली, त्याला मिनीमध्ये शर्यतीची गाडी दिसली नाही. ती दिसली जॉन कूपर यांना. कूपर यांच्या छोट्या कार्यशाळेतील गाड्यांनी १९५९ आणि १९६० मध्ये फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले होते. इसिगोनिस यांच्याशी त्यांची जुनी मैत्री होती. मिनी चालवताच तिचे वळणावरचे कसब त्यांनी ओळखले आणि अधिक शक्तीची आवृत्ती काढण्याचा आग्रह धरला. इसिगोनिस यांना तो पटेना. ही सामान्यांची गाडी आहे, हा त्यांचा आग्रह. कूपर थेट व्यवस्थापनातील जॉर्ज हॅरिमन यांच्याकडे गेले आणि एक हजार गाड्यांची परवानगी घेऊन आले.

१९६१ मध्ये आलेल्या मिनी कूपरला ९९७ घनसेंटिमीटरचे, ५५ अश्वशक्तीचे इंजिन आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. एक हजारांवर थांबण्याचा प्रश्नच उरला नाही. मॉन्टे कार्लो रॅलीत १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क, १९६५ मध्ये टिमो मॅकिनेन आणि १९६७ मध्ये राउनो आल्टोनेन यांनी मिनी कूपर एस घेऊन विजय मिळवला. १९६६ मध्येही पहिल्या तीन जागा मिनीच्याच होत्या. हेडलाइटच्या दिव्यांवरून परीक्षकांनी त्या बाद केल्या आणि त्या वादाने मिनीची कीर्ती आणखीच वाढली.

मोठमोठ्या गाड्यांना बर्फाळ घाटांत मागे टाकणारे हे सामर्थ्य इंजिनचे कमी आणि रचनेचे अधिक होते. चाके गाडीच्या चार कोपऱ्यांत होती, वजन नगण्य होते आणि रबर कडक होते. लाइटवेट स्पेशलच्या वेळी हातांना कळलेले सत्य मिनीत आपोआप उतरले होते. निर्मात्याने ते जाणीवपूर्वक घातले नसले तरी ते तेथे होते आणि ते बाहेर काढायला दुसऱ्या माणसाची नजर लागली.

एकट्याचा हट्ट

१९६२ मध्ये इसिगोनिस यांची ११०० ही थोडी मोठी गाडी आली आणि अनेक वर्षे ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपली. रॉयल सोसायटीने १९६७ मध्ये त्यांना सदस्यत्व दिले आणि १९६९ मध्ये ते ‘सर’ झाले. सन्मान वाढत गेले तसा त्यांचा एकाधिकारही वाढला. बाजाराचे सर्वेक्षण त्यांना निरर्थक वाटे. स्वतःला जे योग्य वाटते तेच ग्राहकाला योग्य, अशी त्यांची धारणा होती. मोटारीत रेडिओ नको, आसने फार आरामशीर नकोत, म्हणजे चालक सावध राहतो, असे त्यांचे मत होते. खाजगी गॅरेजमध्ये ही वृत्ती गुण ठरते, कारण गाडी बांधणारा आणि चालवणारा एकच असतो. लाखो अनोळखी ग्राहकांसाठी गाडी बनवताना तिची किंमत मोजावी लागली. १९६४ ची ऑस्टिन १८०० अभियांत्रिकीच्या दृष्टीने वाखाणली गेली, पण अपेक्षेइतकी खपली नाही.

१९६९ मध्ये आलेली ऑस्टिन मॅक्सी ही त्यांची शेवटची गाडी. मागे वर उघडणारे पाचवे दार, घडी होणारी आसने आणि पाच गिअर, म्हणजे आज ज्याला हॅचबॅक म्हणतात तिचे सर्व गुण तिच्यात होते. खर्च वाचवण्यासाठी १८०० ची दारे तिला लावण्यात आली, त्यामुळे तिचे रूप बोजड झाले. सुरुवातीच्या गाड्यांत गिअर बदलणेही त्रासाचे होते. मिनीची जागा घेण्यासाठी त्यांनी ‘नाइन एक्स’ नावाची, मिनीहूनही आखूड आणि मागे दार असलेली गाडी नव्या इंजिनसह तयार केली होती. १९६८ मध्ये बीएमसी ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली, नव्या व्यवस्थापनाने इसिगोनिस यांना मुख्य पदावरून बाजूला सारले आणि नाइन एक्स गुंडाळली गेली.

पुढचा इतिहास इतरांनी लिहिला. इटलीच्या दांते जिआकोसा यांनी आडव्या इंजिनच्या शेजारी गिअरबॉक्स ठेवून तीच कल्पना अधिक सोपी केली. फोक्सवॅगनची गोल्फ १९७४ मध्ये आली आणि १९७६ मध्ये विक्रीस आलेल्या तिच्या जीटीआय आवृत्तीने वेगवान हॅचबॅक या प्रकाराला घराघरांत नेले. ब्रिटिश लेलँडला स्वतःची छोटी हॅचबॅक, मेट्रो, आणायला १९८० साल उजाडले. भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्येही आडवे इंजिन, पुढच्या चाकांना शक्ती आणि मागे उघडणारे दार होते. मुंबई-पुण्यात त्या गाडीत पहिल्यांदा स्टिअरिंग हाती घेतलेल्या एका पिढीला इसिगोनिस हे नाव ठाऊक नव्हते. त्यांचा आराखडा मात्र तिच्या पायांखाली होता.

पुन्हा कार्यशाळेत

१९७१ मध्ये निवृत्त होताना सहकाऱ्यांनी इसिगोनिस यांना मेकॅनोचा सर्वांत मोठा संच भेट दिला. लहान मुलांच्या खेळण्याची ही भेट त्यांना मनापासून आवडली. सल्लागार म्हणून ते आणखी अनेक वर्षे कंपनीशी जोडलेले राहिले. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागातील घरात ते वाफेच्या छोट्या इंजिनांशी खेळत आणि सुटसुटीत गाड्यांची रेखाटने करत. २ ऑक्टोबर १९८८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९९४ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने मिनीची मालक असलेली रोव्हर कंपनी विकत घेतली. तेव्हा बीएमडब्ल्यूचे प्रमुख असलेले बर्न्ड पिशेट्सरीडर हे इसिगोनिस यांचे आईकडून दूरचे नातलग होते. मूळ मिनीचे उत्पादन ऑक्टोबर २००० मध्ये थांबले. तोपर्यंत त्रेपन्न लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या.

मूळ मिनीला मागचे दार कधीच नव्हते, त्यामुळे काटेकोर अर्थाने ती हॅचबॅक नव्हे. तरीही पुढच्या सर्व वेगवान हॅचबॅक गाड्यांची ती आजी आहे आणि ट्रॅकवर आजही नातवंडांना दमवते. गुडवूडच्या रिव्हायव्हल सोहळ्यात साठच्या दशकातील मिनी गाड्या आपल्याहून कितीतरी मोठ्या गाड्यांशी वळणावळणावर झुंजतात. लाइटवेट स्पेशलही नष्ट झालेली नाही; जुन्या गाड्यांच्या चढावाच्या स्पर्धांत ती अजूनही चालवली गेली आहे.

गॅरेजमधील तो हौशी माणूस जेव्हा नव्या रबरी शंकूंची जोडी बसवतो आणि गाडी स्टँडवरून खाली उतरवतो, तेव्हा ती सुरुवातीला थोडी उंच उभी राहते. काही दिवसांत रबर दबते आणि गाडी आपल्या उंचीवर येते. मग एका पहाटे तो डिकीत अवजारांची पेटी आणि इंजिन तेलाचा डबा ठेवतो आणि ट्रॅकच्या दिशेने निघतो.